तीन पिंपे, सतरा सेकंद

बॅरल रेसिंगचे नियम सांगायला दोन मिनिटे पुरतात. रोडिओच्या मैदानात तीन पिंपे त्रिकोणात उभी केलेली असतात. सुमारे दोनशे लिटरची, तेल साठवायची असतात तशीच. स्वार घोडा भरधाव आत घालते. पहिल्या पिंपाभोवती उजवे वळण, दुसऱ्याभोवती डावे, तिसऱ्याभोवती पुन्हा डावे, आणि मग आल्या वाटेने सुसाट बाहेर. काही घोडे हाच नकाशा उलटा धावतात, आधी एक डावे आणि मग दोन उजवी. प्रमाण आराखड्यात पहिल्या दोन पिंपांत ९० फूट अंतर, त्या दोघांपासून तिसरे १०५ फुटांवर, आणि घड्याळ सुरू होते ती रेषा पहिल्या दोघांच्या अलीकडे ६० फुटांवर. पिंप डुगडुगले तर चालते, पडले तर ५ सेकंदांचा दंड. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात, म्हणजे पडलेल्या पिंपाने त्या दिवसाची स्पर्धा संपल्यातच जमा. या मापाच्या मैदानावर १७ सेकंदांच्या आसपासची धाव चांगली समजली जाते.

खेळ अमेरिकेच्या पश्चिम भागातला, आणि व्यावसायिक पातळीवर बायकांचा. १९४८ साली टेक्सासमधल्या सॅन अँजेलो गावी ३८ जणींनी एकत्र येऊन गर्ल्स रोडिओ असोसिएशन काढली. मैदानाची शोभा म्हणून मिरवण्यापेक्षा त्यांना नियमांनी बांधलेली स्पर्धा आणि बक्षिसाचे खरे पैसे हवे होते. १९८१ पासून हीच संस्था विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन या नावाने चालते. वर्षभराच्या कमाईत पहिल्या पंधरांत येणाऱ्या स्वार डिसेंबरात नॅशनल फायनल्स रोडिओला जातात. १९८५ पासून, २०२० चा अपवाद सोडला तर, ती लास व्हेगसला भरते. तिथे दहा रात्री, दहा धावा. घोडे बहुतेक क्वार्टर हॉर्स जातीचे. पाव मैलाच्या शर्यतीत कोणाला हार न जाणारी ही जात. मागचा भाग भरीव, सुरुवात झटक्याची, आणि मागच्या पायांवर बसून वळण्याची उपजत हातोटी.

मराठी वाचकासमोर घोडा म्हटले की महालक्ष्मी नाहीतर पुण्याचा रेसकोर्स उभा राहतो, फार तर सारंगखेड्याच्या यात्रेतले नाचणारे घोडे. रेसकोर्सवरच्या थरोब्रेडच्या दोन शर्यतींमध्ये सहसा काही आठवडे जातात. बॅरलचा घोडा मात्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा अमेरिकेतल्या रोडिओंची एकच गर्दी उडते, तीन-चार दिवसांत तीन-चार गावांत धावू शकतो, आणि मधल्या रात्री ट्रेलरमध्ये उभ्या-उभ्या काढतो. धाव सतरा सेकंदांची आणि प्रवास सातशे मैलांचा. म्हणूनच या घोड्याला किती पळवावे, किती थांबवावे आणि केव्हा मैदानात उतरवावे, हा प्रश्न दिसतो त्याहून बराच गुंतागुंतीचा आहे. त्या प्रश्नाच्या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांचे स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना.

हा अभ्यास ज्या शास्त्राच्या पोटात येतो ते अश्वव्यायामशास्त्र फार जुने नाही. स्वीडनमध्ये सुने पेर्सन यांनी घोड्यांना ट्रेडमिलवर पळवून रक्ताचे आकारमान आणि कामाची कुवत यांचा संबंध मोजला, ते काम १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद ऑक्सफर्डला भरली ती १९८२ साली. तेव्हापासून ज्ञान झपाट्याने वाढले, पण ते मुख्यतः शर्यतीच्या थरोब्रेडवर आणि गाडीला जुंपून दुडकीने पळणाऱ्या ट्रॉटर घोड्यांवर झालेल्या कामातून. कारण उघड आहे. पैसा तिथे आहे. बॅरलच्या घोड्याबद्दल आपण जे ठामपणे बोलतो, त्यातले बरेच या दोघांकडून उसने घेतलेले असते. ते कुठे लागू पडते आणि कुठे नाही, हे पारखून घेणे हेच या क्षेत्रातले निम्मे काम.

लागू पडणाऱ्यापासून सुरुवात करू. विश्रांत घोड्याचे हृदय मिनिटाला ३० ते ४० ठोके देते आणि जिवाच्या आकांताने पळताना ते २२० च्या पुढे जाते. त्याची प्लीहा म्हणजे तांबड्या पेशींचे राखीव कोठार आहे. धाव सुरू होताच ती आकसते, आणि रक्तातले पेशींचे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरातून ६० च्या वर चढते. अशी यंत्रणा असलेल्या प्राण्याचा दम फार लवकर तयार होतो. पाच-सहा आठवड्यांच्या नियमित रपेटीत घोडा चढ चढताना कमी धापा टाकतो, घाम लवकर वाळतो, मान वर, कान पुढे. मालकाला वाटते, घोडा तयार झाला.

फसगत होते ती इथेच. दम तयार झाला म्हणजे पाय तयार झाले असे नसते. हृदय आणि स्नायू आठवड्यांच्या हिशेबाने बदलतात. हाडे, कंडरा आणि अस्थिबंध महिन्यांच्या. बॅरलच्या घोड्याच्या बहुतेक दुखापतींचे मूळ मला या दोन गतींमधल्या अंतरात दिसते. सरावाचा वेग ठरवायचा तर तो सर्वांत हळू तयार होणाऱ्या भागाकडे पाहून ठरवावा, घड्याळाकडे पाहून नव्हे. पुढे जे काही लिहिले आहे ते याच एका मुद्द्याभोवती फिरते.

हाडाचे पाहू. हाडावर येणाऱ्या भाराप्रमाणे हाड स्वतःला घडवते, हे जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. पण घडवण्याची रीत विचित्र आहे. सूक्ष्म तडे गेलेला भाग आधी कोरून काढला जातो, मग तिथे नवे हाड भरले जाते. कोरणे काही आठवड्यांत उरकते, भरणे कित्येक महिने चालते. म्हणजे मधल्या काळात, नेमका घोडा दमदार आणि उत्साही दिसत असताना, त्याचे हाड पूर्वीपेक्षा कच्चे असू शकते. त्याच वेळी त्याला रोज भरधाव पळवणे हा दैवावर हवाला.

मग भरपूर विश्रांती द्यावी? तेही सरळ नाही. माळावर मोकळे फिरणारे तरुण घोडे उचलून ठाणावर बांधले की त्यांच्या नळीच्या हाडातले खनिज घटते, हे मिशिगनमध्ये झालेल्या अभ्यासांत दिसून आले. उलट अगदी थोडे अंतर, पण वेगाने पळायला मिळाले तर हाड टिकते. हाडाला लांबलचक रपेटीपेक्षा मोजक्या जोरकस झटक्यांची भाषा लवकर कळते. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शर्यतीच्या घोड्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन महिने किंवा त्याहून अधिक खंड पडून कामाला परतलेल्या घोड्यांत, परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, पुढच्या पायाच्या वरच्या हाडाचे मोडणे जास्त आढळले. सुट्टीचा धोका सुट्टीत नसतो, परतण्याच्या घाईत असतो. हिवाळ्यात दोन महिने सोडलेला घोडा वसंतातल्या पहिल्या रोडिओसाठी तीन आठवड्यांत ‘आणणे’ हा अनेक तबेल्यांतला रिवाज आहे. त्याचे समर्थन करणारा पुरावा निदान मला तरी दिसत नाही.

कंडरेची गोष्ट आणखी नाजूक. पुढच्या पायाच्या नळीमागे दोन मुख्य कंडरा एकावर एक असतात. त्यांतली वरची, त्वचेलगतची, भरधाव धावेत तिच्या सहनशक्तीच्या काठावरच काम करते. ती ताणली जाते, झटक्याने परतते, आणि त्या घर्षणात तिचा गाभा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. वाढ पूर्ण झालेल्या घोड्यात ती सरावाने फारशी बळकट होत नाही; झिजते मात्र. एकदा धागे तुटले की जे भरून येते ते व्रणासारखे, कमी लवचीक. बरे व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते.

म्हणून चांगल्या तबेल्यातली सकाळ घोड्यावर खोगीर चढवण्याआधी सुरू होते. चंदी घालायच्या आधी माणूस घोड्याच्या पुढच्या पायाशी उकिडवा बसतो आणि तळहात नळीच्या मागून गुडघ्यापासून खाली खुरावरच्या सांध्यापर्यंत सावकाश उतरवतो, मग दुसऱ्या पायावरून तसाच. शोध असतो तो दोन पायांमधल्या फरकाचा: जराशी ऊब, कडेला थोडी सूज, दाबल्यावर पाय मागे घेणे. नंतर दोन बोटे खुरावरच्या सांध्याच्या बाहेरच्या अंगाला, किंचित मागे टेकवतात. तिथे धमनीचा ठोका निरोगी घोड्यात जेमतेम लागतो. तो बोटाला ठणठण जाणवू लागला तर खुरात काहीतरी बिनसले आहे, बहुधा तळवा मुका मार लागून दुखावला आहे. मग पाय उचलून खुराचे तळ खरवडून पाहायचे. सगळे मिळून चार मिनिटांचे काम. या चार मिनिटांच्या नोंदीला मी कोणत्याही यंत्राच्या आकड्याइतकेच वजन देतो.

खुराचे नाव आधी घेतले ते मुद्दाम. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००० ते २००३ या काळात लंगडणे किंवा कामगिरी घसरणे या तक्रारींसाठी आणलेल्या ११८ बॅरल घोड्यांचा आढावा घेतला आणि २००५ मध्ये तो छापला. सर्वांत जास्त आढळलेले दुखणे होते पुढच्या पायाच्या खुरातले. त्यानंतर हॉकच्या, म्हणजे मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या, खालच्या जोडांचा संधिवात, आणि फेटलॉकला, म्हणजे खुरावरच्या सांध्याला, तोलून धरणाऱ्या अस्थिबंधाची दुखापत. मालकांनी सांगितलेल्या कामगिरीच्या तक्रारींत मात्र एक वेगळीच गोष्ट पुढे होती: घोडा पहिल्या पिंपाशी नीट वळत नाही, किंवा वळायलाच नकार देतो. पहिल्या पिंपाशी तो सर्वाधिक वेगाने येतो. तिथे थोपून, मागच्या पायांवर बसून वळायला लागते. ज्याला दुखते तो ते टाळणार. स्वार त्याला हट्टी ठरवते, लगाम बदलते, आणखी सराव लावते. दुखण्यावर सरावाचा उतारा दिला की दुखणे वाढते, आणि पुढच्या महिन्यात घोडा मैदानाच्या दारातूनच आत शिरायला नाकारतो. शिस्तीचा प्रश्न म्हणून येणारे घोडे आधी पशुवैद्यकाने पाहावेत असा आग्रह मी धरतो तो यामुळे.

या आढाव्याची मर्यादाही सांगायला हवी. हे सगळे घोडे आजारी म्हणूनच आणलेले होते. निरोगी राहिलेल्यांचे काय चालले होते, त्यांना किती सराव होता, किती प्रवास होता, हे त्यातून कळत नाही.

आता डोक्याकडे वळू. बॅरलचा नकाशा घोडा पाठ करतो, आणि पाठ झाल्यावर तो पुन:पुन्हा गिरवला की घोडा वळण येण्याआधीच वळू लागतो, खांदा आत पाडतो, आणि पिंप गुडघ्याला लागते. मुरलेल्या स्वार घोडा आणि पिंप यांच्यात वळणाच्या तोंडाशी ठेवायच्या जागेला ‘पॉकेट’ म्हणतात. अति सरावाने ती जागाच नाहीशी होते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तट्टांच्या तीन गटांना एकच कसब शिकवले: एकाला रोज, एकाला आठवड्यातून दोनदा, एकाला आठवड्यातून एकदा. आठवड्यातून एकदाच शिकवलेल्यांना ते कमी सत्रांत जमले. प्रयोग छोटा होता, कसब साधे होते. त्यावरून बॅरलच्या सरावाचे वेळापत्रक छापून काढता येणार नाही. पण तयार घोड्याला पूर्ण वेगाने नकाशा क्वचितच धाववणाऱ्या आणि बाकीचे दिवस माळावरची लांब दुडकी, चढ-उतार, पिंपांभोवती नुसती चाल यांत घालवणाऱ्या अनुभवी बायकांच्या सवयीला त्याने आधार मिळतो. त्यांना हे शास्त्राआधीच ठाऊक होते.

स्नायूंतल्या इंधनाबद्दल मात्र उसन्या ज्ञानाने घोळ घातला आहे. जोरकस श्रमानंतर घोड्याच्या स्नायूतले ग्लायकोजेन भरून यायला ४८ ते ७२ तास लागतात, माणसाच्या मानाने बरेच जास्त. आणि माणसासारखे पिष्टमय खायला घालून ते फारसे लवकर भरता येत नाही. हे खरे आहे. पण हे आकडे लांब किंवा वारंवार दौडींतून आलेले आहेत. सतरा सेकंदांच्या एका धावेत कोठार रिकामे होत नाही, त्यातला थोडाच भाग खर्ची पडतो. लास व्हेगसच्या सातव्या रात्री घोडा मंदावला तर मी आधी खुरे, हॉक आणि जठर तपासेन, इंधनाचा संशय शेवटी घेईन. या आकड्याचा धाक घालून विकली जाणारी ‘रिकव्हरी’ची पुडकी वाचकाने जरा संशयानेच पाहावीत.

जठराचे म्हणाल तर घोड्याचे जठर रात्रंदिवस आम्ल तयार करते, खाणे असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. जठराच्या वरच्या साधारण एक-तृतीयांश भागाला संरक्षक आवरण नसते, आणि दुडकी किंवा दौड सुरू झाली की पोटातल्या दाबाने आम्ल तिथवर उसळते. आता रिकाम्या पोटी ट्रेलरमध्ये आठ तास उभा राहिलेला, उतरल्यावर भरपूर दाणा चारलेला आणि संध्याकाळी धावलेला घोडा डोळ्यांपुढे आणा. व्रण होतील नाही तर काय. धावेआधी दोन घास गवत चघळायला देणे हा स्वस्तातला उपाय आहे, आणि पोट हलके असावे या जुन्या समजुतीपायी तोच टाळला जातो. प्रवासाचा दुसरा घाव छातीवर. डोके उंच बांधलेल्या घोड्याला श्वासनळीतला कफ खाली मान घालून झाडता येत नाही. लांबच्या प्रवासानंतर येणारा फुप्फुसांचा संसर्ग त्यातूनच उद्भवतो. दर काही तासांनी थांबणे, पाणी दाखवणे, मान मोकळी सोडणे आणि पोचल्यावर निदान एक पूर्ण दिवस देणे, हेही विश्रांतीच्याच खात्यात मांडायला हवे. वेळापत्रकात मात्र तो दिवस ‘रिकामा’ दिसतो आणि दुसऱ्या गावची नोंदणी त्यावर चढते.

घोड्याचे वय हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न. तरुण घोड्यांसाठीच्या फ्युचुरिटी स्पर्धांत मोठी बक्षिसे असतात, म्हणून त्यांना दोन-अडीच वर्षांपासून खोगिराखाली घेतात. गुडघ्यावरच्या हाडाची वाढीची पट्टी साधारण त्याच वयात मिटते. पाठीच्या मणक्यांतल्या पट्ट्यांना मात्र पाच-सहा वर्षे लागतात. लहान वयात काहीच करू नये असे शास्त्र म्हणत नाही. वाढत्या हाडाला वेगाच्या छोट्या मात्रा लाभतात. प्रश्न वळणांचा आहे, आणि त्यांच्या संख्येचा.

दुसऱ्या टोकाला बॅरलची स्वार शारमेन जेम्स आणि तिचा घोडा स्कॅम्पर. १९८४ ते १९९३ अशी सलग दहा वर्षे त्यांनी जगज्जेतेपद राखले. १९८५ च्या फायनल्समध्ये धावेच्या तोंडावरच लगामाचा साज तुटला आणि स्कॅम्परने तोंडात काही नसल्यासारखीच धाव पूर्ण करून ती फेरी जिंकली. ही गोष्ट रोडिओत सगळ्यांना पाठ आहे. माझे लक्ष मात्र सनावळीकडे जाते. घोडा १९७७ चा. म्हणजे पहिले जेतेपद सातव्या वर्षी, शेवटचे सोळाव्या. अलीकडे हेली किन्सेलच्या ‘सिस्टर’ या घोडीने २०१८, २०१९, २०२० आणि २०२२ अशी चार जेतेपदे मिळवून दिली. असे घोडे अपवाद असतात हे मान्य. तरी त्यांच्या कारकिर्दींचा अभ्यास व्हायला हवा: त्यांनी वर्षाला किती धावा केल्या, कोणती मैदाने सोडली, मध्ये किती दिवस माळावर काढले. जिंकलेल्या धावांचा हिशेब पैशांच्या यादीत असतो. सोडलेल्या धावांचा कुठेच नसतो.

या क्षेत्रात येणाऱ्याला करण्यासारखे काम त्यामुळे पुष्कळ पडले आहे. एक वळण एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला असा हा एकांगी नकाशा वर्षानुवर्षे धावल्यावर डाव्या-उजव्या पायांत, पाठीत काय फरक पडतो, हे मोजलेले फार थोडे आहे. मातीचेही तसेच. पेंडलटनच्या रोडिओचे हिरवळीचे मैदान, बंदिस्त सभागृहात आणून टाकलेली माती, पावसात चिकटणारी उघड्या मैदानाची जमीन. घोडा तोच, पण खुराला मिळणारी पकड दर गावी वेगळी. ट्रॅक्टर फिरल्यानंतर पहिल्या नंबरावर धावणे आणि दहाव्या नंबरावर, खणल्या गेलेल्या चरांतून वळणे यांत तर एकाच संध्याकाळी दोन जमिनींचा फरक असतो. सांध्यात इंजेक्शन देऊन धावणाऱ्या घोड्याला दुखत नाही, म्हणून विश्रांती कमी लागते की वेदनेची सूचना बंद झाल्याने जास्त लागायला हवी, यावर प्रत्येक तबेल्यात मत आहे आणि पुरावा कुठेच पुरेसा नाही.

सुरुवात कुठून करावी असे विचारले तर मी स्वारांच्या वह्यांकडे बोट दाखवीन. गाव, तारीख, मातीचा प्रकार, ट्रॅक्टरनंतरचा नंबर, ट्रेलरमधले तास, वेळ, बक्षीस असे रकाने ज्यांनी आखले आहेत त्या वह्या जपून ठेवाव्यात, आणि त्यांत एक रकाना वाढवावा: दुसऱ्या दिवशी सकाळी ठाणावरून बाहेर काढताना घोड्याची पहिली दहा पावले कशी पडली.